लांब काटे, आखूड काटे: एका जीवाश्म डायनोफ्लॅजेलेटच्या ओळखीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण समुद्रतळाच्या गाळात नळी घुसवून काढलेल्या एका उभ्या नमुन्यावर, म्हणजे कोअरवर, काम करणाऱ्या छोट्या संशोधन गटाचं आहे. गट कोणता आणि कोअर कुठला हे ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. कोअर एका उथळ, अर्धबंदिस्त समुद्रातला होता. त्याचा काळ प्लायोसीनच्या अखेरीपासून प्लाइस्टोसीनपर्यंतचा. त्या समुद्राचं पाणी कधी गोडं पाणी मिसळून कमी खारट झालं आणि कधी जास्त खारट झालं, हे गटाला शोधायचं होतं, आणि त्यासाठी साधन निवडलं होतं डायनोफ्लॅजेलेटच्या सिस्ट.

डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय सजीव. बहुतेकांना दोन कशाभिका असतात, आणि पुष्कळांच्या अंगावर सेल्युलोजच्या पट्टिकांचं कवच असतं. हे कवच गाळात टिकत नाही, पेशी मेली की ते विरून जातं. मात्र काही प्रजाती प्रजननचक्राच्या एका टप्प्यावर जाड भिंतीची सिस्ट तयार करून तळाशी जाऊन बसतात. सिस्टची भिंत डायनोस्पोरिन नावाच्या चिवट सेंद्रिय पदार्थाची असते. हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात गाळाचे कार्बोनेट आणि सिलिकेट विरघळले तरी ती शिल्लक राहते. जीवाश्म म्हणून आपल्या हाती येते ती ही सिस्ट, पोहणारी पेशी नव्हे. एकाच सजीवाला पोहणाऱ्या अवस्थेसाठी एक नाव आणि सिस्टसाठी दुसरं नाव असण्याचं कारण हेच.

या प्रकरणातली मुख्य प्रजाती लिंग्युलोडिनियम मॅकिरोफोरम. द्फ्लांद्र आणि कुकसन यांनी १९५५ साली ऑस्ट्रेलियातल्या मायोसीन खडकांमधून तिचं वर्णन केलं तेव्हा ती हिस्ट्रिकोस्फेरिडियम या वंशात होती. १९६७ मध्ये डेव्हिड वॉल यांनी तिच्यासाठी लिंग्युलोडिनियम हा वंश केला. तिची पोहणारी पेशी गोनिऑलॅक्स पॉलिएड्रा या नावाने फार जुनी ओळखीची. रात्री लाटांमध्ये निळा उजेड पाडणारी आणि पेशीतल्या दैनिक घड्याळाच्या अभ्यासात वर्षानुवर्षं वापरली गेलेली तीच ही. सिस्ट मात्र साधी दिसते. साधारण ४० ते ५० मायक्रोमीटर व्यासाचा गोल आणि त्यावर सगळीकडे निमुळते, टोकदार काटे.

अडचण

मोजणीचं काम एका संशोधक विद्यार्थिनीकडे होतं. पहिल्या काही स्लाइडमध्येच तिला काटेरी गोलांचे तीन प्रकार दिसले आणि तिने तक्त्यात तीन रकाने केले. ‘अ’ म्हणजे लांब, निमुळत्या काट्यांचे, म्हणजे सरळसरळ ओळखीची प्रजाती. ‘ब’ म्हणजे आखूड काट्यांचे, त्यातल्या काहींचे काटे टोकाशी फुगीर. ‘क’ म्हणजे जवळजवळ गुळगुळीत, अंगावर नुसते उंचवटे.

मोजणी पुरी झाल्यावर आलेखात ‘ब’ दोन ठिकाणी ठळक उंचावला, एकदा कोअरच्या खालच्या भागात आणि एकदा वरच्या. मधल्या भागात ‘अ’चं राज्य. ‘क’ तुरळक, पण वरच्या भागात ‘ब’च्या सोबतीने थोडा वाढलेला.

विद्यार्थिनीचं म्हणणं स्पष्ट होतं. ‘ब’ आणि ‘क’ या दोन नव्या प्रजाती आहेत. त्या ठरावीक थरांतच भरपूर सापडतात, प्रकाशित सूचीत तसं वर्णन नाही, आणि छायाचित्रं उत्तम आली आहेत. तिने दोन्हींची वर्णनं लिहूनही ठेवली होती. गटातल्या दुसऱ्या सदस्याचं मत नेमकं उलटं. काट्यांची लांबी पाण्याच्या क्षारतेनुसार, म्हणजे खारटपणानुसार, बदलते आणि क्षारता कमी असेल तर काटे आखूड होतात हे जुनंच ज्ञान आहे, तेव्हा तिन्ही रकाने एकत्र करा, काटे मोजा आणि लांबीवरून क्षारतेचा आलेख काढा. त्याच्या वाचनात ‘ब’चे दोन्ही उंचवटे म्हणजे पाणी गोडसर झाल्याचे दोन काळ होते.

दोघांच्या मागे खरा आधार होता, म्हणून निर्णय अवघड झाला. मला हे प्रकरण मांडावंसं वाटलं त्याचं कारण असं की ही दोन्ही मतं एकाच गृहीतावर उभी होती आणि ते कुणी तपासलेलं नव्हतं. ‘ब’ हा एकच प्रकार आहे, असं दोघांनीही धरून चाललं होतं.

मार्गदर्शक मॅडमनी स्लाइड पाहायच्या आधी एवढंच विचारलं, “आर्किओपाइल कुठे नोंदवलं आहेस?” आर्किओपाइल म्हणजे पेशी सिस्टमधून बाहेर पडते ते भोक. तक्त्यात त्याचा रकाना नव्हता.

आर्किओपाइल इतकं महत्त्वाचं का

इथे थोडं मागे जायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय या एका अवयवावर ठरले.

असे काटेरी गोल एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. एरेनबर्ग यांनी १८३० च्या दशकात क्रेटेशियस काळातल्या चकमकीच्या दगडाच्या पातळ कपच्यांमध्ये ते पाहिले आणि गोड्या पाण्यातल्या झँथिडियम या हिरव्या शैवालाच्या वंशात टाकले. काटे सारखे दिसत होते, एवढाच आधार. पुढे ओटो वेट्झेल यांच्या १९३३ च्या कामानंतर ‘हिस्ट्रिकोस्फिअर’ हे नाव रूढ झालं आणि हे गोल नेमके कशाचे, हा प्रश्न कित्येक वर्षं तसाच लोंबकळत राहिला. तो सोडवला विल्यम एव्हिट यांनी १९६१ मध्ये. या गोलांवर दिसणारं भोक म्हणजे कुठेतरी झालेली मोडतोड नाही, हे त्यांनी दाखवलं. ते ठरावीक जागी, ठरावीक आकाराचं असतं आणि डायनोफ्लॅजेलेटच्या कवचावरच्या विशिष्ट पट्टिकांशी जुळतं. पेशी सिस्टमधून बाहेर पडते ती याच दारातून. १९६० च्या दशकातच वॉल आणि बॅरी डेल यांनी ताज्या गाळातल्या सिस्ट प्रयोगशाळेत उबवल्या. आतून पोहणाऱ्या पेशी बाहेर आल्या आणि कोणती सिस्ट कोणत्या सजीवाची, याच्या जोड्या लागू लागल्या.

काही सिस्टवर पट्टिकांच्या सीमा कड्यांच्या किंवा काट्यांच्या रांगांच्या रूपाने उमटलेल्या दिसतात. स्पिनिफेरायटिस याचं उत्तम उदाहरण. लिंग्युलोडिनियममध्ये तसं नाही. काटे अंगभर विखुरलेले असतात, त्यांच्या मांडणीवरून पट्टिका वाचता येत नाहीत. कवचाच्या रचनेचा स्पष्ट पुरावा सिस्टवर उरतो तो आर्किओपाइलपुरता. ते न पाहता अशा गोलाला नाव देणं म्हणजे त्याची वंशावळ सांगणारं पान न उघडताच त्याची नोंद करणं.

लिंग्युलोडिनियममध्ये पेशीच्या मध्याभोवतीच्या खाचेच्या, म्हणजे कमरपट्ट्याच्या, वरच्या रांगेतल्या, म्हणजे प्रिसिंग्युलर, पट्टिकांपैकी एक किंवा अनेक सुट्या होऊन गळतात. पाचपर्यंतही. त्यामुळे भोकाचा आकार प्रत्येक सिस्टवर वेगळा दिसतो आणि कडा पायऱ्या-पायऱ्यांची, कोनदार असते. ऑपरक्युलोडिनियम या दुसऱ्या काटेरी वंशात एकच पट्टिका निघते, प्रिसिंग्युलर रांगेतली तिसरी. झाकण अखंड, भोक नेटकं. पॉलिस्फेरिडियममध्ये तर वरचा अर्धा भागच टोपीसारखा उघडतो. तिन्ही वंश सूक्ष्मदर्शकाखाली कमी मोठे करून, घाईत पाहिले तर काट्यांचे गोलच दिसतात.

समोर असलेले पर्याय

बैठकीत चार वाटा मांडल्या गेल्या.

पहिली, ‘ब’ आणि ‘क’ यांना नव्या प्रजाती म्हणून प्रकाशित करायचं. शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम जीवाश्म डायनोफ्लॅजेलेटनाही लागू आहेत. लॅटिन किंवा इंग्रजीतलं वर्णन, होलोटाइप, म्हणजे त्या नावासाठी प्रमाण मानलेला एकमेव नमुना, कोणता ते स्पष्ट सांगणारं चित्र आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे याचा उल्लेख, एवढं केलं की नाव वैध होतं. तांत्रिकदृष्ट्या विद्यार्थिनीची तयारी पुरेशी होती. धोका वेगळाच होता. वैधपणे प्रकाशित झालेलं नाव नंतर मागे घेता येत नाही. ते चुकीचं ठरलं तरी आधीच्या प्रजातीचं समानार्थी नाव म्हणून सूचीत कायमचं राहतं, आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला ते उलगडत बसावं लागतं. जीवाश्म डायनोफ्लॅजेलेटच्या नावांची लेंटिन आणि विल्यम्स यांची सूची चाळली की अशा नावांचं ओझं किती आहे ते कळतं.

दुसरी, सगळं एकत्र करून लिंग्युलोडिनियम मॅकिरोफोरम म्हणायचं. या बाजूचा पुरावा भक्कम आहे. कमी क्षारतेच्या समुद्रांमधून आखूड काट्यांच्या सिस्ट नोंदल्या गेल्या आहेत, काळ्या समुद्रातल्या तर १९७० च्या दशकापासून. कोकिनोस आणि अँडरसन यांनी १९९५ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये सिस्ट तयार होताना पाहिली. बाहेरचं पटल वेळेआधी फाटलं तर काट्यांची वाढ अर्ध्यावर राहते आणि आखूड किंवा बिनकाट्यांचे गोल बनतात. २००९ साली जगभरच्या पृष्ठभागीय गाळावर झालेल्या मोठ्या अभ्यासात काट्यांच्या सरासरी लांबीचा संबंध क्षारतेशी आणि तापमानाशी, दोन्हींशी जुळला. तेव्हा एकच प्रजाती लांब, आखूड आणि शून्य काट्यांची असू शकते, यात शंका नव्हती. पण ‘असू शकते’ याचा अर्थ या कोअरमधली प्रत्येक आखूड काट्यांची सिस्ट तिचीच आहे, असा होत नाही.

तिसरी, ‘ब’ला उपप्रजाती करायचं. ही मधली वाट म्हणून सुचवली गेली. मला ती सर्वांत कमकुवत वाटते. उपप्रजातीलाही टाइप लागतो, वर्णन लागतं, तिचंही नाव कायमचं. आणि काटे पाण्यामुळे आखूड होत असतील तर ती आनुवंशिक शाखाच नव्हे. तीच पेशी दुसऱ्या पाण्यात लांब काट्यांची सिस्ट बनवेल.

चौथी, नाव द्यायची घाई न करता ‘ब’ची प्रत्येक सिस्ट आर्किओपाइलसह पुन्हा तपासायची आणि तोवर ‘आखूड काट्यांचं रूप’ अशी अनौपचारिक खूण ठेवायची. यात वेळ जाणार होता आणि विद्यार्थिनीचा तयार मजकूर बाजूला पडणार होता. ती नाराज झाली आणि तिचं नाराज होणं समजण्यासारखं होतं. तरी निवड झाली ती चौथ्या वाटेची.

काय केलं

प्रथम मूळ वर्णनं काढून वाचली. हे काम कंटाळवाणं मानलं जातं, पण इथे त्याने दिशा दिली. याच क्षेत्रातलं एक उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ऑपरक्युलोडिनियम सेंट्रोकार्पम या नावाने आजच्या समुद्रात जी सिस्ट सर्रास मोजली जाते तिचे काटे मायोसीनमधल्या होलोटाइपच्या काट्यांपेक्षा आखूड आहेत. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे नावापुढे ‘सेन्सू वॉल अँड डेल १९६६’ जोडतात, म्हणजे ‘वॉल आणि डेल यांनी ज्या अर्थाने वापरलं त्या अर्थाने’. होलोटाइप न पाहता नाव वापरात आलं की अशी शेपटी कायमची लागते.

मग काट्यांची मोजणी शिस्तीत केली. प्रत्येक नमुन्यातल्या ५० सिस्ट आणि प्रत्येक सिस्टवरचे दिसणारे सर्वांत लांब तीन काटे, ही २००९ च्या अभ्यासात वापरलेली पद्धत. मोजायचे ते फक्त गोलाच्या कडेवरचे काटे, फोकस बरोबर मध्यावर आणून. निरीक्षकाच्या दिशेने रोखलेला काटा वरून पाहताना ठिपक्याएवढा दिसतो आणि तिरका काटा अर्धा. पहिल्या वर्गीकरणात ‘ब’मध्ये गेलेल्या काही सिस्ट खरं तर ‘अ’च्याच होत्या. त्या स्लाइडवर दबून चपट्या झाल्या होत्या आणि त्यांचे कडेचे काटे मोडले होते. तुटक्या काट्याचं टोक सपाट असतं, वाढ थांबलेल्या काट्याचं गोलसर किंवा फुगीर. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की नंतर अडत नाही.

लांबीचे आलेख थरागणिक काढले तेव्हा वरच्या भागात एकच रुंद उंचवटा मिळाला. लांब ते आखूड अशी सलग रांग, मध्ये कुठेही खंड नाही, आणि तिच्या शेवटाला ‘क’चे गुळगुळीत गोल. खालच्या भागात चित्र निराळं होतं. तिथे दोन वेगळे उंचवटे आणि मध्ये दरी. दोन लोकसंख्या मिसळल्याची ही पहिली खूण.

यानंतर आर्किओपाइल. प्रत्येक ‘ब’ सिस्ट वरच्या आणि खालच्या फोकसवर पाहायची, भोक कुठे, किती पट्टिकांचं, झाकण आत पडलं आहे का, हे लिहायचं. वरच्या थरांत जवळपास सगळीकडे अनेक पट्टिकांचं, पायऱ्यांच्या कडेचं भोक मिळालं. एका सिस्टवर तर दोन पट्टिका गळलेल्या आणि तिसरी आतल्या बाजूला झुकून अडकलेली, तिच्या तिन्ही बाजूंच्या चिरा स्पष्ट. काटे आखूड आणि फुगीर, पण हे लिंग्युलोडिनियमच, यात वाद उरला नाही.

खालच्या थरांत बहुतेक ‘ब’ सिस्टवर एकाच पट्टिकेचं भोक होतं. इथेच प्रकरणातला सर्वांत नाजूक निर्णय आला. लिंग्युलोडिनियममध्येही कधी कधी एकच पट्टिका गळते. तेव्हा भोक एका पट्टिकेचं आहे एवढ्यावर सिस्ट ऑपरक्युलोडिनियममध्ये टाकली तर नवी गफलत होणार. म्हणून दोन जास्तीचे निकष ठरवले गेले. एक, भोकाच्या कोपऱ्यांपासून शेजारच्या पट्टिकांच्या सीमेवर चिरा गेल्या आहेत का. लिंग्युलोडिनियममध्ये पुढची पट्टिका गळायच्या बेतात असेल तर त्या दिसतात. दोन, काट्याचं स्वरूप. लिंग्युलोडिनियमचा आखूड काटाही बुडाशी रुंद असून निमुळता होतो किंवा गदेसारखा फुगतो. खालच्या थरांतले काटे बारीक, बुडापासून टोकापर्यंत जवळपास सारख्या जाडीचे आणि टोकाला बोथट होते. गोलही सरासरीने मोठे. हे निकष एकत्र धरल्यावर ती सिस्ट रोसिन्योल यांनी १९६२ मध्ये वर्णिलेल्या आणि पुढे वॉल यांनी ऑपरक्युलोडिनियममध्ये नेलेल्या ऑपरक्युलोडिनियम इस्राएलियानमशी जुळली.

पडताळणी म्हणून छायाचित्रांवरची थरांची नावं झाकून, क्रम बदलून ती गटाबाहेरच्या एका अनुभवी अभ्यासकाला दिली. आर्किओपाइल दिसत होतं तिथे निकाल जुळला. जिथे जुळला नाही त्या बहुतेक सिस्ट न उघडलेल्या किंवा भोक खाली करून बसलेल्या होत्या. त्यांच्यासाठी ‘अनिश्चित काटेरी सिस्ट’ असा रकाना केला. मला हा रकाना फार मोलाचा वाटतो. मोजणीत बेरीज पूर्ण करायचा मोह प्रत्येकाला होतो आणि शंकेच्या सिस्ट जवळच्या ओळखीच्या नावात ढकलल्या जातात.

निष्पत्ती

नव्या प्रजाती शून्य. ‘ब’ रकाना मोडला. वरच्या थरांतल्या आखूड काट्यांच्या सिस्ट लिंग्युलोडिनियम मॅकिरोफोरममध्ये गेल्या, वेगळी अनौपचारिक खूण ठेवून. खालच्या थरांतल्या बहुतेक ऑपरक्युलोडिनियम इस्राएलियानममध्ये. ‘क’पैकी आर्किओपाइल दिसणाऱ्या सिस्ट लिंग्युलोडिनियममध्ये आणि उरलेल्या अनिश्चित.

यामुळे समुद्राची कहाणी पालटली. पहिल्या वाचनात दोन्ही उंचवटे पाणी गोडसर झाल्याचे काळ होते. आता वरचा तसाच राहिला. खालचा मात्र दुसरीच गोष्ट सांगू लागला, कारण ऑपरक्युलोडिनियम इस्राएलियानम आज उबदार, पुरेशा खारट उथळ समुद्रांमध्ये राहते. दोन प्रजाती एका रकान्यात पडल्यामुळे विरुद्ध दिशेचे दोन संकेत एकसारखे दिसत होते. मतभेद ‘प्रजाती एक की तीन’ यावर चालला होता, त्यामुळे ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटली होती.

याला स्लाइडवरच्याच इतर गोष्टींनी दुजोरा दिला. वरच्या भागात पेडियास्ट्रम या गोड्या पाण्यातल्या हिरव्या शैवालाच्या वसाहती आणि नेच्यांचे बीजाणू वाढलेले होते, म्हणजे नदीचं पाणी येत होतं. खालच्या भागात पेडियास्ट्रम जवळजवळ नव्हतं, उलट पॉलिस्फेरिडियम झोहारी ही उष्ण पाण्यातली, अति खारट खाजणांतही तग धरणारी प्रजाती सोबतीला होती. हे सगळे आकडे तक्त्यात पहिल्यापासून होते.

वरच्या भागासाठी काट्यांच्या लांबीवरून क्षारतेचा नेमका आकडा द्यायचा का, यावर शेवटपर्यंत चर्चा झाली. न देण्याचं ठरलं आणि ते मला पटतं. लांबीवर क्षारतेबरोबर तापमानाचाही परिणाम होतो, आणि हे नातं आजच्या समुद्रांवरून बसवलेलं आहे. त्यावरून ‘पाणी गोडसर होत गेलं’ ही दिशा ठामपणे सांगता येते. एवढ्या जुन्या काळासाठी आकडा सांगायचा तर स्वतंत्र तापमानाची नोंद हवी आणि ती या कोअरमध्ये नव्हती.

विद्यार्थिनीचं वर्णनाचं काम वाया गेलं नाही. एकाच प्रजातीतल्या काट्यांच्या बदलांची सलग मालिका, लांब निमुळत्यापासून गुळगुळीत गोलापर्यंत, प्रत्येक टप्प्यावर आर्किओपाइल दिसेल अशा छायाचित्रांसह तिने मांडली. एखाद्या नव्या नावापेक्षा अशी चित्रमालिका दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या मोजणाऱ्याच्या जास्त उपयोगी पडते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

आर्किओपाइलचा रकाना पहिल्या दिवसापासून तक्त्यात असता तर दुसऱ्यांदा मोजावं लागलं नसतं. काटेरी, पट्टिका न दाखवणाऱ्या सिस्टसाठी तरी भोकाचा प्रकार, कडेची रचना आणि ‘दिसत नाही’ हे तीन पर्याय मोजणीतच असावेत. वेळ थोडा जास्त लागतो, पण पुन्हा सगळ्या स्लाइड उपसण्यापेक्षा कितीतरी कमी.

रकान्यांना ‘अ’, ‘ब’, ‘क’ ही नावं देणं निरुपद्रवी वाटलं होतं. प्रत्यक्षात ती घट्ट झाली. बैठकीत सगळे ‘ब’ असा उल्लेख करू लागले आणि ‘ब’ ही एक खरी वस्तू आहे असं ठसलं. त्याऐवजी ‘काटे आखूड, आर्किओपाइल तपासायचं’ असं लांबलचक नाव दिलं असतं तर ते तात्पुरतं असल्याचं विसरायला झालं नसतं.

नमुने तयार करतानाही एक संधी गेली. खालच्या भागातल्या दोन थरांचा सगळा अवशेष कायमस्वरूपी स्लाइडवर लावला गेला होता, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी काहीच शिल्लक नव्हतं. काट्यांची टोकं आणि भिंतीचा पोत तिथे नीट दिसले असते. थोडा अवशेष ग्लिसरीनमध्ये कुपीत राखून ठेवला असता तर सिस्ट हव्या तशा फिरवूनही पाहता आल्या असत्या, आणि ‘अनिश्चित’मधल्या बऱ्याच सिस्टना घर मिळालं असतं. आच्छादनकाचेखाली एकदा घट्ट बसलेल्या सिस्टची खालची बाजू वर आणता येत नाही.

एका निर्णयाशी मी पूर्ण सहमत नाही. आर्किओपाइल दिसणारे ‘क’ गोल लिंग्युलोडिनियममध्ये घेतले हे ठीक, पण ते आखूड काट्यांच्या रूपासोबत एकाच संख्येत मोजले गेले. प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांवरून बिनकाट्यांची सिस्ट पटल लवकर फाटल्यानेही बनते. म्हणजे तिचं कारण दर वेळी क्षारता असेलच असं नाही. या गोलांची संख्या वेगळी छापली असती तर पुढे कुणाला काट्यांच्या सरासरीतून ते वगळून पाहता आलं असतं. आता त्यासाठी मूळ स्लाइडकडेच जावं लागेल. त्या जपून ठेवल्या आहेत आणि मालिकेतल्या प्रत्येक चित्रित सिस्टची स्लाइडवरची जागा निर्देशकांसह नोंदवली आहे, त्यामुळे हे काम ज्याला करायचं असेल त्याला करता येईल.